तीसपैकी अठ्ठावीस

पैज लागली ती पोस्टाच्या पेटीपायी. नेस्टरने गाडी मागे घेताना पोस्टासमोरची लाल लोखंडी पेटी आडवी केली, आणि वर गाडीतून उतरून पेटीलाच दोन शब्द सुनावले. हे सगळं पोस्टाच्या खिडकीतून दिसलं, म्हणजे दुपारपर्यंत डोलिना गावातल्या एकशे अकरा माणसांना कळलं. एकशेबारावा नेस्टर. त्याला आधीच माहीत होतं.

आठवड्याने पोलिसांचं पत्र आलं. महिन्याभरात डोक्याची तपासणी करून घ्या, नाहीतर लायसन जमा करा. पत्र घेऊन नेस्टर नेहमीसारखा कर्लिंगच्या हॉलमध्ये सकाळच्या कॉफीला आला. बर्फावर दगड सरकवायचा मोसम अजून सुरू व्हायचा होता, पण कॉफीला मोसम नसतो. हॉलचं स्वयंपाकघर लेस्याच्या ताब्यात. लेस्या चौपन्न वर्षांची, आणि खोड्यांच्या बाबतीत अजून आठवीतून वर गेलेली नाही. गेल्या उन्हाळ्यात तिने शेजारच्या बोह्दानच्या अंगणात 'घर विकणे आहे'ची पाटी ठोकली होती. बोह्दान परगावी होता. दोन गिऱ्हाइकं येऊन न्हाणीघरसुद्धा बघून गेली.

बोह्दानने पत्र वाचलं, घडी घातली आणि नेस्टरपुढे ठेवलं. धान्याच्या कोठारावर तीस वर्षं मॅनेजरकी केलेला माणूस. वजन केल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही.

"गेलं लायसन," तो म्हणाला.

"मी इथंच बसलोय बरं का," नेस्टर टोस्टला जॅम लावत म्हणाला.

"तेच म्हणतोय. इथंच बसशील आता."

"वुइको पास होतील," लेस्या आतून म्हणाली. वुइको म्हणजे मामा. नेस्टरला सख्खी भाची एकही नाही, पण पन्नाशीच्या आतबाहेरचं अख्खं गाव त्याला वुइकोच म्हणायचं. "डोळे मिटून पास होतील."

"डोळे मिटूनच चालवतो तो. लाल रंगाची पेटी, चार फूट उंच. चाळीस वर्षं तिथंच आहे."

"ती जरा पुढं आली होती," नेस्टर म्हणाला.

टेबलावर सगळे हसले. लेस्या हात पुसत बाहेर आली. "लाव पैज."

"लावली. कशाची?"

"हरेल त्याने मार्चच्या स्पर्धेत, सगळ्या गावासमोर, एक पिरोगी नाकाने ढकलत बर्फाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची. गुडघ्यांवर."

पिरोगी म्हणजे सारण भरलेली, करंजीच्या घाटाची. बोह्दानने विचार केला. "उकडलेली की तळलेली?"

"उकडलेली. तळलेली घसरते, मग मजा काय."

"सारण?"

"बटाट्याचं. कोबीची फुटली तर हॉल आठवडाभर धुवावा लागेल. तोही मलाच."

हात मिळवले. साक्षीला टेबलावरचे सहा जण. नेस्टरही हसत होता, पण बाकीचे पांगल्यावर तो कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला आणि उभाच राहिला.

"पोरी," तो म्हणाला, "गाडी गेली ना, की इरका मला शहराकडच्या त्या म्हाताऱ्यांच्या घरात नेऊन टाकणार. मला ठाऊक आहे, तिने नाव घालून ठेवलंय. तिथं संध्याकाळी साडेचारला रात्रीचं जेवण देतात. माणसाने साडेचारला जेवून पुढं करायचं काय?"

इरका त्याची मुलगी. कॅलगरीला असते, दर रविवारी फोन करते. वाईट नाही ती. पण दुकान गावापासून बावीस मैलांवर, दवाखाना चाळीस मैलांवर, आणि बाप अठ्ठ्याहत्तरचा, एकटा. गाडी नाही म्हणजे घर नाही, एवढा हिशोब डोलिनात कुणालाही येतो.

"वुइको," लेस्या म्हणाली, "उद्यापासून कॉफीच्या तासभर आधी यायचं. कुणाला बोलायचं नाही."

तपासणी करणार होती फर्न. ती नर्स, दर दुसऱ्या मंगळवारी शहरातून यायची आणि हॉलच्या मागच्या खोलीत बसायची. रक्तदाब बघ, पायांची नखं काप, गोळ्यांच्या डब्या भरून दे, असं सगळं. त्या खोलीची फरशी पुसायची लेस्याने. किल्ली लेस्याकडे. फर्नच्या खणाला कुलूप नव्हतंच, गावात कुणाच्याच खणाला नसतं. तपासणीच्या प्रश्नांचा कागद तिथं होता. लेस्याने तो जागचा हलवलासुद्धा नाही, नुसता वाचला. ही काही चोरी नव्हे, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि घरी जाईपर्यंत दोनदा हसली.

पाच शब्द ऐकवायचे आणि थोड्या वेळाने परत विचारायचे. लोणी, घोंगडी, पूल, गाजर, घंटा. घड्याळ काढायचं, अकरा वाजून दहा मिनिटांचं. शंभरातून सात, मग परत सात, असं करत उतरायचं. आणखी दोनचार फुटकळ गोष्टी. एकूण गुण तीस.

शब्दांचं तिने गाणं केलं. लग्नात वाजतो त्या पोल्काच्या चालीवर, "लोणी लावा घोंगडीला, पुलावरती गाजर, घंटा वाजे देवळाची अन् नवरा झाला हाजर." नेस्टर तरुणपणी लग्नांतून अकॉर्डियन वाजवायचा. शब्द सुटे सांगितले की दोन मिनिटांत त्याच्या हातातून निसटायचे, पण चालीवर चढवले की पाचही धावत यायचे. घड्याळं त्याने कागदी रुमालांवर काढली, दीडशे तरी. पहिल्या आठवड्यात आकडे सगळे एकाच बाजूला गोळा व्हायचे, जसं काही घड्याळ कलंडलंय. लेस्याने युक्ती शिकवली. आधी वर बारा, खाली सहा, मग डावीउजवीकडे नऊ आणि तीन, मग मधली भर. शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी तिने त्याला पाढ्यासारखं घोकवलं.

मजा आली, खोटं कशाला बोला. इतका हसलेला नेस्टर तिने पाच वर्षांत पाहिला नव्हता, स्टेफ्का गेल्यापासून. स्टेफ्का म्हणजे त्याची बायको.

पण त्या तीन आठवड्यांत लेस्याला बाकीचंही दिसत होतं. तो बसल्या जागी पाय आपटायचा. "झोपलेत पाय," म्हणायचा, "उठतच नाहीत हल्ली." तिने लोणच्याची बरणी पुढे केली तर नको म्हणाला, जीभ सोलवटल्यासारखी झालीय. मग खाता तरी काय, वुइको? चहा, टोस्ट. एकट्यासाठी कोण चूल पेटवणार. रात्री? चहा, टोस्ट. जॅम बदलतो की, एकदा चेरीचा, एकदा स्ट्रॉबेरीचा.

आणि एकदा, ऑक्टोबरच्या शेवटी, घड्याळात आकडे भरता भरता त्याने मान वर केली आणि दाराकडे बघून विचारलं, "स्टेफ्का अजून आली नाही?"

लेस्याच्या हातातला पोछा थांबला. नेस्टरच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, सरळ साधा प्रश्न होता. तेव्हा तिने खाली बसून त्याचा हात धरायला हवा होता. तेव्हा फर्नला फोन करायला हवा होता. तिच्या तोंडून निघालं ते असं, "तिला कळलं असेल आज मी कॉफी पातळ केलीय." नेस्टर खो खो हसला. मग हसणं मध्येच थांबवून रुमालाकडे बघत राहिला. लेस्याने दुसरा रुमाल पुढे केला. "चला, अजून एक. वर बारा."

तपासणीच्या आदल्या दिवशी तिने शेवटची सूचना दिली. "आणि जास्त बोलायचं नाही. फर्न विचारेल, काही त्रास आहे का? नाही म्हणायचं. या लोकांना एक तक्रार सांगितली की त्या दहा काढतात."

तपासणीला वीस मिनिटं लागली. दार उघडं होतं. लेस्या बाहेर टेबलं पुसत होती, एकच टेबल चार वेळा. आतून पोल्का गुणगुणल्याचा आवाज आला आणि तिने ओठ दाबून हसू धरलं.

"तीसपैकी अठ्ठावीस," फर्न म्हणाली. "नेस्टर, माझे सत्तावीस येतात."

"तुम्ही रोज या, आम्ही शिकवू," नेस्टर म्हणाला.

"बरं, बाकी काही? भूक लागते? हातापायांना काही? मुंग्या, बधिरपणा?"

नेस्टरने दारातून लेस्याकडे पाहिलं. लेस्याने मान हलवली. थोडीशीच, इकडून तिकडे.

"काही नाही," तो म्हणाला. "ठणठणीत."

फर्नने सही केली. बोह्दानने सहीचा कागद दोनदा वाचला, आणि मार्चपर्यंत नाकाला व्यायाम द्यावा लागेल म्हणाला. गावभर बातमी झाली. आठवड्याभरात म्हातारी व्हेरा आणि टपालवाला पेट्रो, दोघं वेगवेगळे, लेस्याला कोपऱ्यात गाठून हळूच विचारून गेले, आमचीही वेळ येईल पोरी, तेव्हा बघशील ना जरा?

जानेवारीच्या एकवीस तारखेला, उणे एकतीस असताना, दुपारी दोनच्या सुमाराला नेस्टर गाडी काढून गुरांना चारा घालायला गेला. गुरं नऊ वर्षांपूर्वी विकली होती. शेतही विकलं होतं, गोठा तेवढा उभा होता, रिकामा. वळणावर गाडी बर्फात रुतली. तो उतरून गोठ्यापर्यंत चालत गेला आणि तिथं गाईंची वाट बघत बसला. पायात घरातल्या सपाता होत्या. रस्त्यावरचा बर्फ सारणाऱ्या माणसाला गाडी दिसली, चार वाजता. सपाता ओल्या होऊन गोठल्या होत्या. नेस्टर म्हणाला, पाय ठीक आहेत, काही दुखत नाही. खरंच दुखत नव्हतं. त्याच्या पायांनी त्याला काही सांगायचं केव्हाच सोडून दिलं होतं.

डाव्या पायाची तीन बोटं कापली, उजव्याची दोन.

दवाखान्यात रक्त तपासलं तर बी-बारा जवळजवळ नाहीच. वयाने पोट ते शोषेनासं झालं होतं, वर पाच वर्षं चहा आणि टोस्ट. पाय बधिर त्याने, जीभ सोलवटली त्याने, आणि डोक्यात गायी हंबरत होत्या त्याही बऱ्याचशा त्यानेच. इंजेक्शनं सुरू केली. डोकं थोडं वर येईल म्हणाले डॉक्टर, पायांचं सांगता येत नाही. उशीर झाला. दोन-तीन महिने जरी आधी आला असतात तर गोष्ट वेगळी होती.

लेस्या भेटायला गेली तोवर इरकाने त्याला शहराकडच्या त्या घरात हलवलं होतं. नेस्टर खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसला होता, पायांवर पांघरूण. तिला बघून खूश झाला. ती येताना वाटेत सगळं पाठ करून आली होती, कसं सांगायचं ते. तिने सांगितलं. कागद मी वाचला, मान मी हलवली.

त्याने पायांवरचं पांघरूण नीट केलं. मग म्हणाला, "मला घरी राहायचं होतं. तू मदत केलीस."

"वुइको, तसं नाही ते."

"दुसरं कोण आलं होतं मदतीला?" एवढं बोलून त्याने साडेचार वाजलेत, जेवायची वेळ झाली म्हणून चाकं वळवली. लेस्याला वाटलं, त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर गाडी चालवत घरी तरी जाता आलं असतं. ती बाहेर अर्धा तास गाडीतच बसून राहिली.

पुढच्या मंगळवारी फर्न आली. कुणी पेशंट नव्हता. ती दार उघडं ठेवून टेबलाशी बसली होती आणि तिच्यापुढे नेस्टरचा तो कागद होता.

"ये ना," फर्न म्हणाली. "वरून चौकशी लागलीय. त्यांचंही बरोबर आहे. मी पन्नास वेळा बघितला हा. घड्याळ बघ, लेस्या. इतकं नेटकं घड्याळ मी कुणाचं पाहिलं नाही. वीस गुण आले असते ना, तर मी त्याच दिवशी रक्त काढलं असतं. नेमच आहे तसा, गुण कमी आले की आधी बी-बारा, थायरॉइड, सगळं बघायचं. बरी होणारी गोष्ट असते कधीकधी. माझं असं काय बघायचं राहिलं?"

लेस्या दाराला धरून उभी राहिली. "तुझं काही राहिलं नाही."

"मग?"

"तुझा खण उघडा होता."

फर्नला कळायला जरा वेळ लागला. लेस्याने गाणं सांगितलं, रुमाल सांगितले, मान हलवल्याचं सांगितलं. स्टेफ्काबद्दल त्याने विचारलं होतं तेही सांगितलं.

"तुला ते ऐकू आलं," फर्न म्हणाली, "आणि तू त्याला अजून एक घड्याळ काढायला लावलंस."

"हो."

"मी त्याचं लायसन काढून घेईन, एवढंच वाटलं तुम्हाला माझ्याबद्दल."

"घेतलं असतंस ना?"

"घेतलं असतं. थोडे दिवस. आणि मग सामान आणायला बस लावून दिली असती, दुपारचं गरम जेवण लावून दिलं असतं, इंजेक्शन इथंच दिलं असतं महिन्याच्या महिन्याला. तुला काय वाटतं, मी चाळीस मैल येते ती नखं कापायला?" ती उठली, खणाला चापटी मारल्यासारखं करून तो बंद केला. "गावात अजून किती जणांना शिकवलंयस?"

"कुणाला नाही. दोघांनी विचारलंय."

"दोघांनी विचारलंय म्हणजे दहा जणांच्या मनात आहे. मला सांगून काय उपयोग? मी चौकशीत सांगेन, तुझ्या नावानिशी सांगेन. पण ते दहा जण माझ्यासमोर ठणठणीतच असणार."

लेस्या गेली नाही. उभीच राहिली. मग म्हणाली, "मी सांगते त्यांना."

मार्चच्या स्पर्धेला आजूबाजूच्या सहा गावांतली माणसं आली. हॉलमध्ये कोबी, लोणी आणि ओल्या लोकरीचा वास. इरका बापाला घेऊन आली होती. काचेपाशी, पहिल्या रांगेत, चाकांच्या खुर्चीत नेस्टर. इंजेक्शनांनी डोळ्यांत जरा ओळख परत आली होती, पाय मात्र पायपुसण्यासारखे पडून होते.

दोन सामन्यांच्या मधल्या वेळात बोह्दान बर्फावर आला. गुडघ्यांना जुने पोत्याचे तुकडे बांधलेले, हातात बशी, बशीत एक उकडलेली पिरोगी. टाळ्या पडल्या. लेस्या दुसऱ्या बाजूने आली आणि तिने बशी त्याच्या हातातून घेतली.

"हे काय," बोह्दान म्हणाला. "जिंकलीस तू. अठ्ठावीस."

"पोती सोड. मला दे."

"आता कसली खोडी आहे ही?"

तिने निवेदकाकडचा माइक घेतला. "पैज मी हरलेय," ती म्हणाली, आणि हॉल हसायला लागला. लेस्या माइकवर आली की गाव आधी हसून घेतं, मग ऐकतं. "परीक्षेचा कागद मी आधीच वाचला होता. वुइको नेस्टरला मी उत्तरं शिकवली." हशा वाढला. मागून कुणीतरी ओरडलं, "आम्हालाही शिकव गं." पेट्रोच असावा.

"तेच सांगायला आलेय. नाही शिकवणार. त्यांचे पाय बधिर होते, मला माहीत होतं. जीभ सोलवटली होती, एकटे म्हणून धड जेवत नव्हते, स्टेफ्काला शोधत होते. हे सगळं मला दिसलं आणि फर्नला काही सांगू नका म्हणून मी सांगितलं. त्यांचे गुण खरे आले असते तर आज ते इथं चालत आले असते."

हसणं एकदम थांबलं नाही. पुढच्या रांगांत आधी विरलं, मागे कुणीतरी अजून खिदळत होतं, मग त्यालाही शेजारच्याने कोपर मारलं असावं. व्हेरा मांडीवरच्या हातमोज्यांकडे बघत होती. फर्न दारापाशी उभी होती, हाताची घडी घालून.

"तुम्हाला कुणाला असलं काही होत असेल," लेस्या म्हणाली, "तर तिला सांगा. गाणं म्हणू नका." तिने माइक बोह्दानच्या हातात दिला.

बोह्दानने खाली वाकून स्वतःच्या गुडघ्यांची पोती सोडली आणि तिच्या गुडघ्यांना बांधली. तिने पिरोगी बर्फावर ठेवली, हात पाठीमागे घेतले आणि नाक लावलं. पिरोगी अजून कोमट होती. ती सरळ जाईना, डावीकडे घसरायची, मग लेस्याने गुडघे सरकवत वळसा घेऊन तिला परत रेषेवर आणायचं. बर्फावर पोतं घासल्याचा आवाज तेवढा येत होता. तीसएक फुटांवर पिरोगी गार होऊन घट्ट झाली. पन्नास फुटांवर लेस्याला नाकाचं टोक जाणवेनासं झालं.

मध्यावर काचेवर टकटक झाली. नेस्टर पुढे वाकून बोटांनी वाजवत होता. इरकाने त्याच्यासाठी बाजूचं छोटं दार ढकललं.

"ए पोरी," तो म्हणाला, "गुडघे गार पडतील तुझे. ऊठ. झालं पैजेचं."

"नाही झालं, वुइको," लेस्या बर्फाशीच बोलल्यासारखी म्हणाली. "अजून निम्मं राहिलंय."

आणि तिने परत नाक टेकवलं.